पराभवाच्या रकान्यातलं शून्य

१९९६ सालच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाच्या फेदरवेट गटाची एक उपांत्य लढत संपली, तेव्हा रेफरी दोन्ही खेळाडूंचे हात धरून निकालाची वाट पाहत उभा होता. निकाल जाहीर झाला आणि त्याने चुकून हात उंचावला तो हरलेल्या पोराचा. जिंकला होता बल्गेरियाचा सेराफिम तोदोरोव, १०-९ असा, एका गुणाने. अमेरिकेच्या पथकाने रीतसर तक्रार केली, ती फेटाळली गेली. कांस्यपदक घेऊन घरी परतलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव फ्लॉइड मेवेदर. त्यानंतर दोनच महिन्यांत, ११ ऑक्टोबर १९९६ रोजी, तो व्यावसायिक मुष्टियोद्धा म्हणून पहिली लढत खेळला आणि पुढे एकवीस वर्षांत, पन्नास लढतींत, एकदाही हरला नाही.

तोदोरोव अंतिम फेरीत थायलंडच्या सोमलुक कामसिंगकडून हरला. २०१५ साली मेवेदरच्या सर्वांत मोठ्या लढतीच्या सुमारास काही पत्रकार त्याला शोधत बल्गेरियातल्या पाझार्जिक या गावी पोहोचले, तेव्हा हा गडी तुटपुंज्या पेन्शनीवर दिवस काढत होता. मेवेदरला हरवणारा जगातला शेवटचा माणूस तो. त्या साली मेवेदरने एका रात्रीत वीस कोटी डॉलरच्या वर कमावले, असं तेव्हा छापून आलं होतं.

आमच्या बोनकोड्यात तोदोरोव हे नाव कुणाच्या कानावरून गेलेलं नाही. त्यात नवल नाही. बोनकोडे हे खाडीकाठचं जुनं आगरी गाव. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, भातशेतीचे सेक्टर झाले आणि कोपरखैरण्याच्या इमारतींच्या मधे गावठाण तेवढं उरलं. या पट्ट्यातल्या गल्ल्यांत आता तालमीपेक्षा जिम जास्त. तिथली पोरं मेवेदरच्या चित्रफिती मोबाइलवर बघतात, दोरीवरच्या उड्या त्याच्यासारख्या मारायला जातात आणि त्याच्याबद्दल बोलताना एकच आकडा सांगतात : पन्नास-शून्य. कुणाशी लढला, कधी लढला, कसा वाचला, हे विचारलं की गप्पा थंडावतात. मला मात्र या माणसाच्या पन्नास विजयांपेक्षा पुढच्या शून्याचंच कुतूहल जास्त. ते शून्य रिंगणात जितकं घडलं, तितकंच करारांच्या टेबलावरही घडलं, असं माझं मत बनत गेलं आहे.

मुळात हा आकड्यांचा हिशेब आपल्याकडचा नाही. कुस्तीच्या मैदानात कोणत्या पैलवानाने आयुष्यात किती कुस्त्या मारल्या आणि किती हरल्या, याची वही कुणी ठेवत नाही. लोक सांगतात ते डाव, जोड आणि गदा. अमक्याने तमक्याला खासबागेत घिस्सा मारून चीत केलं, एवढं पुरतं. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत मल्लाकडून हरले, आणि तरी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. त्या दोन हारींनी त्यांच्या नावाचं काही वाकडं झालं नाही. ज्या गामा पैलवानाला आपण ‘कधीच न हरलेला’ म्हणतो, त्याची लंडनमधली १९१० सालची झिबिस्कोविरुद्धची कुस्तीही अडीच तासांहून जास्त चालून बरोबरीत सुटली होती. झिबिस्को बहुतेक वेळ पोटावर पालथा पडून राहिला. पुन्हा लढायच्या ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. अठरा वर्षांनी पतियाळ्यात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला.

व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र ती वही हेच भांडवल. जिंकलेल्या, हरलेल्या आणि बरोबरीत सुटलेल्या लढतींचे तीन आकडे खेळाडूच्या नावामागे पदवीसारखे लागतात. तिकिटं, टीव्हीचे पैसे, पुढची लढत, सगळं त्यावर ठरतं. म्हणून हरण्याच्या रकान्यातलं शून्य जपण्यासाठी अख्खी माणसं कामाला लागलेली असतात. मॅचमेकर नावाचा एक धंदाच आहे. उगवत्या पोरासमोर कोण उभा करायचा, हे तो ठरवतो. समोरचा नावाजलेला हवा पण उतरणीला लागलेला हवा, तगडा हवा पण संथ हवा.

या शून्याचं वेड लावलं रॉकी मार्सियानोने. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावचा, बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या इटालियन बापाचा हा मुलगा. उंची हेवीवेटला कमी, हात आखूड, चालणं बोजड. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जगज्जेत्या जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. तेराव्या फेरीपर्यंत तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर मागे होता. मग त्याचा उजवा हात एकदाच नीट बसला आणि वॉलकॉट दोरांना लटकत खाली घसरला. १९५६ साली मार्सियानो निवृत्त झाला तो ४९-० वर, आणि त्यातले ४३ विजय नॉकआउटचे. तेरा वर्षांनी विमान अपघातात तो गेला. पुढे लॅरी होम्स ४८-० पर्यंत पोचला आणि १९८५ साली मायकेल स्पिंक्सकडून हरला. तेव्हापासून एकोणपन्नास या आकड्याभोवती एक प्रकारचं सोवळं तयार झालं. खरं तर मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझने सत्त्याऐंशी लढती सलग जिंकल्या होत्या. पण त्याने लढणं थांबवलं नाही, म्हणून शेवटी हरला. शून्य राखायचं तर वेळेवर थांबायलाही यावं लागतं.

मेवेदरच्या घरात मुष्टियुद्ध आधीपासून होतं. बाप फ्लॉइड सीनियर १९७८ साली शुगर रे लिओनार्डशी लढून हरलेला, काका रॉजर दोन गटांत जगज्जेता. बाप पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. घराण्याकडून पोराला मिळाली ती एक ठेवण. डावा हात खाली, पोटावर आडवा. उजवा तळवा हनुवटीपाशी. डावा खांदा कानापर्यंत चढवलेला. समोरचा उजवा ठोसा आला की कमरेतून किंचित वळायचं. ठोसा खांद्याच्या गोलाईवर घासून निसटतो आणि मारणाऱ्याची उजवी बरगडी क्षणभर उघडी पडते. तेवढ्या क्षणात उजवा हात सरळ. लढत पाहताना हे इतकं सहज वाटतं की समोरचा माणूस मठ्ठ असावा, असा भास होतो. तो मठ्ठ नसतो. जिथे डोकं होतं तिथेच त्याने मारलेलं असतं, आणि डोकं आता तिथे नसतं.

१९९८ साली हेनारो हर्नांडेझला हरवून त्याने पहिला जागतिक किताब घेतला. २००१ मध्ये तोवर अपराजित असलेल्या दिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं. माझ्या मते त्याची सगळ्यात देखणी लढत ती. पण त्याला ओळखायचं तर २० एप्रिल २००२ ची रात्र पाहावी. होसे लुइस कास्तिलो या मेक्सिकनने त्याला दोरांकडे ढकलत नेलं, अंगावर ठोसे चढवले आणि शेवटच्या फेऱ्यांत लढत जवळपास हातात घेतली. तिन्ही पंचांनी विजय मेवेदरला दिला. टीव्हीवरच्या अनधिकृत पंचाने तो कास्तिलोला दिला होता आणि प्रेक्षकांनी निकालाची हुर्यो उडवली. आठ महिन्यांत मेवेदर त्याच कास्तिलोशी पुन्हा लढला आणि जिंकला, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. २०१० साली शेन मोझ्लीने दुसऱ्या फेरीत उजवा हात असा बसवला की मेवेदरचे गुडघे वाकले. त्याने मोझ्लीचा हात काखेत धरून ठेवला, श्वास घेतला आणि उरलेल्या दहा फेऱ्या शाळामास्तराच्या थाटात जिंकल्या.

टेबलावरची लढाई त्याने २००६ साली मांडली. बॉब ॲरमच्या टॉप रँक कंपनीशी असलेला करार साडेसात लाख डॉलर भरून त्याने सोडवला आणि तो स्वतःचा मालक झाला. पुढच्या वर्षी ऑस्कर दे ला होयाविरुद्धची लढत चोवीस लाख घरांनी पैसे मोजून पाहिली. ‘प्रिटी बॉय’ हे जुनं टोपणनाव जाऊन ‘मनी’ आलं. आता कधी, कुणाशी आणि किती वजनावर लढायचं, हे तो ठरवू लागला. २०१३ साली तेवीस वर्षांच्या कानेलो अल्वारेझला त्याने गटाच्या मर्यादेपेक्षा दोन पौंड खाली उतरायला लावलं आणि मग रिंगणात निष्प्रभ केलं. तरी एका महिला पंचाने ती लढत बरोबरीत दिली. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्या बाईंनी पंचगिरीच सोडली.

आणि फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा पॅक्विआओ. २००९-१० साली दोघेही ऐन भरात होते. रक्ततपासणी किती आणि केव्हा, यावर बोलणी फिसकटली. लढत झाली २ मे २०१५ रोजी. तेव्हा मेवेदर अडतीसचा आणि पॅक्विआओ छत्तीसचा, मधे एका मार्केझच्या हाताने बेशुद्ध पडून आलेला. शेहेचाळीस लाख घरांनी ती विकत घेतली आणि निम्म्या जगाने जांभया दिल्या.

मराठी वाचकाला इथे थोरल्या बाजीरावाची आठवण होईल. तोही अपराजित, आणि रणांगण निवडण्यात तोही वाकबगार. १७२८ मध्ये पालखेडला निजामाच्या तोफांसमोर तो उभाच राहिला नाही. मुलूख तुडवत निजामाला फरफटत नेलं आणि पाण्यावाचून कोंडलं. जागा निवडणं ही पळवाट नसते, ते युद्धशास्त्र असतं, आणि मेवेदरचे चाहते नेमकं हेच म्हणतात. मला ते निम्मं पटतं. बाजीरावाने गाठलेला निजाम त्या वेळी पुऱ्या ताकदीत होता. मेवेदरने जागा निवडलीच, पण पॅक्विआओच्या बाबतीत सालही निवडलं.

पन्नासावा विजय २६ ऑगस्ट २०१७ चा, कॉनर मॅकग्रेगरवरचा. मॅकग्रेगर हा पिंजऱ्यातल्या मिश्र युद्धाचा राजा. व्यावसायिक मुष्टियुद्धातली ही त्याची पहिलीच लढत. मार्सियानोचा आकडा ओलांडला गेला तो नवख्यावर. या वहीत २०१२ सालचा तुरुंगही कुठे दिसत नाही. आपल्या मुलांच्या आईला मारहाण केल्याबद्दल मेवेदर त्या उन्हाळ्यात दोन महिने आत होता. बाहेर येऊन पुन्हा रिंगणात उतरला तेव्हा हरण्याचा रकाना तसाच स्वच्छ होता.

हा हिशेब आपल्याकडे आणला विजेंदर सिंगने. हरियाणातल्या भिवानीजवळच्या काळूवासचा हा मुलगा २००८ मध्ये बीजिंगला क्युबाच्या एमिलिओ कोरेआकडून हरला आणि कांस्य मिळवून देशाचा लाडका झाला. हौशी खेळात हरणं असं रोजचं असतं. २०१५ साली तो मँचेस्टरला व्यावसायिक झाला आणि त्याच्या नावामागेही शून्य लागलं. ५ ऑगस्ट २०१७ रोजी ते शून्य मुंबईत वरळीला आलं, एनएससीआयच्या डोममध्ये. जुन्या मुंबईकरांसाठी ते वल्लभभाई पटेल स्टेडियम, दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्यांचं. त्या फ्रीस्टाइल कुस्त्यांत निकाल किती खरा, याची कुजबुज तेव्हाही होती. पण लोक दारासिंग हरणार नाही हे पाहायलाच जायचे.

त्या रात्री विजेंदरसमोर होता चीनचा झुल्पिकार मैमैतिअली, तेवीस वर्षांचा, डावखुरा आणि तोही अपराजित. पाहुण्यांत अमिताभ बच्चन. भारत-चीनमधली डोकलामची तणातणी ऐन रंगात, त्यामुळे घोषणा मुष्टियुद्धाच्या कमी आणि सीमेच्या जास्त. झुल्पिकार कमरेखाली मारत राहिला. दहा फेऱ्यांनंतर पंचांनी ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असा कौल विजेंदरला दिला. दोन पंचांकडे फरक एकेका गुणाचा. माइक हातात आल्यावर विजेंदरने सीमेवर शांतता नांदावी म्हणून जिंकलेला किताब परत देऊ केला.

पुढे नेवार्क झालं, दुबई झालं, आणि आकडा १२-० वर गेला. मग सोळा महिने लढत नाही. १९ मार्च २०२१ रोजी पणजीला मांडवीत नांगरलेल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग बांधली गेली. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान. वय सव्वीस, उंची सहा फूट चार इंच, नावावर सहा लढती : चार विजय, एक हार, एक बरोबरी. कागदावर बघाल तर पस्तिशीच्या विजेंदरला हात मोकळे करायला आणलेला गडी. पण तो लांब हातांनी दुरूनच मारत राहिला, विजेंदरला आत शिरायला वाट मिळेना, आणि पाचव्या फेरीच्या एक मिनिट नऊ सेकंदांवर रेफरीने लढत थांबवली.

माझ्या मते विजेंदरच्या व्यावसायिक कारकिर्दीतला सगळ्यात कसदार प्रसंग त्यानंतरचा आहे. शून्य गेल्यावर या धंद्यात निम्मी किंमत जाते. तरी सतरा महिन्यांनी, १७ ऑगस्ट २०२२ रोजी, तो रायपूरला पुन्हा उतरला. या वेळी समोर घानाचा एलिआसू सुले होता, आणि शून्य आता त्याच्या नावामागे होतं : आठ लढती, आठ विजय, आठही नॉकआउट. विजेंदरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला.