परदेश सहलीसाठी हलका कॅमेरा

कॅमेऱ्याच्या सामानाचे वजन मुख्यतः लेन्समुळे वाढते. निकॉनचा डी८५० हा डीएसएलआर बॅटरी आणि कार्डासह १,००५ ग्रॅम भरतो. व्यावसायिक छायाचित्रकार त्याच्यासोबत वापरतात ती २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स १,०७० ग्रॅमची आणि ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स १,४३० ग्रॅमची आहे. हे त्रिकूट साडेतीन किलोंचे होते. इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला अनेक विमान कंपन्या हातातल्या सामानासाठी सात किलोंची मर्यादा घालतात. तिच्यातला निम्मा वाटा कॅमेराच खातो. शिवाय युरोपच्या सहलीत रोम, व्हेनिस, पॅरिस ही शहरे पायी हिंडूनच पाहायची असतात. सकाळी खांद्याला न जाणवणारे वजन दुपारपर्यंत नकोसे होते आणि कॅमेरा हॉटेलच्या खोलीत पडून राहू लागतो. म्हणून सहलीच्या कॅमेऱ्यात चित्राच्या दर्जाइतकेच तो दिवसभर जवळ बाळगता येण्यालाही महत्त्व आहे.

हलक्या कॅमेऱ्याची गरज जुनीच आहे. जर्मनीतील लाइट्झ कंपनीतले तंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक यांना दम्यामुळे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे वाहून नेणे कठीण जात असे. त्यांनी चित्रपटाची ३५ मिमी फिल्म वापरून छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्याची ३६ × २४ मिमीची चौकट आज ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखली जाते आणि बाकीच्या सेन्सरांची मापे तिच्याशी ताडून सांगितली जातात.

वजन येते कुठून?

लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागले की तिच्यातून प्रकाश येण्याच्या वाटेचा, म्हणजे छिद्राचा, व्यास मिळतो. २०० मिमी एफ/२.८ लेन्समध्ये तो सुमारे ७१ मिमी असतो. २०० मिमी एफ/५.६ मध्ये ३६ मिमी पुरतो. व्यास दुप्पट झाला की काचेचे क्षेत्रफळ चौपट होते, भिंगे जाड होतात आणि त्यांना धरणारी नळीही रुंद लागते. निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या दोन २४-७० मिमी लेन्सांची तुलना केली तर हे स्पष्ट दिसते. एफ/२.८ची लेन्स ८०५ ग्रॅमची, तर एफ/४ची ५०० ग्रॅमची आहे. तीनशे ग्रॅम वाचतात आणि त्या बदल्यात प्रकाश निम्मा होतो.

मिररलेस कॅमेऱ्यात डीएसएलआरमधला आरसा आणि त्याची यंत्रणा नसल्याने बॉडी पातळ होते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स बसण्याची कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांत ४६.५ मिमी अंतर होते. नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. मात्र मिररलेस घेतला म्हणजे सगळे सामान हलके झाले, असे होत नाही. फुल फ्रेमसाठीची मोठ्या छिद्राची झूम लेन्स आरसा नसला तरी जडच राहते. खरी बचत सेन्सर लहान घेतल्याने किंवा लहान छिद्राची लेन्स स्वीकारल्याने होते.

सेन्सरचा आकार

प्रवासी कॅमेऱ्यांत चार आकार प्रामुख्याने दिसतात. फुल फ्रेमनंतर एपीएस-सी (सुमारे २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये किंचित लहान), मग मायक्रो फोर थर्ड्स (१७.३ × १३ मिमी) आणि शेवटी एक इंची म्हटला जाणारा सेन्सर, जो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा असतो. सेन्सर लहान झाला की तीच लेन्स दृश्याचा लहान भाग टिपते. म्हणून एपीएस-सीवर फोकल लेंग्थला दीडने (कॅननमध्ये १.६ ने) आणि मायक्रो फोर थर्ड्सवर दोनने गुणतात. फुल फ्रेमवर २०० मिमीने जेवढे दृश्य दिसते तेवढे मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिमीची लेन्स दाखवते आणि ती अर्थातच लहान असते.

लहान सेन्सर एकूण कमी प्रकाश गोळा करतो. त्यामुळे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवल्यावर चित्रात खडबडीत कण लवकर दिसू लागतात आणि पार्श्वभूमी धूसर करणेही अवघड जाते. भर उन्हातली इमारत, डोंगररांग किंवा बाजारपेठ यांच्या छायाचित्रांत हा फरक सहसा लक्षात येत नाही. तिन्हीसांजेनंतर आणि इमारतींच्या आत तो कळतो. मोठ्या छपाईचा विचार नसेल, चित्रे पडद्यावर पाहायची आणि छोटा अल्बम करायचा असेल, तर एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स पुरेसे आहे.

कोणती फोकल लेंग्थ लागते?

इथून पुढच्या फोकल लेंग्थ, वेगळे सांगितले नसेल तिथे, फुल फ्रेमच्या हिशेबाने आहेत. २४ मिमीची लेन्स कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंशांचे दृश्य टिपते, ५० मिमीची ४७ अंशांचे आणि २०० मिमीची केवळ १२ अंशांचे. व्हेनिसच्या अरुंद गल्ल्या किंवा रोममधल्या पँथिऑनचा घुमट यांसाठी मागे सरकायला जागा नसते. तिथे २४ ते २८ मिमी उपयोगी पडते. माणसे, खाद्यपदार्थ, दुकाने यांच्यासाठी ३५ ते ५० मिमी सोयीची. चर्चच्या दर्शनी भागावरची शिल्पे किंवा स्वित्झर्लंडमधल्या गोर्नरग्राटवरून दिसणारे मॅटरहॉर्नचे शिखर जवळ आणायला १०० ते २०० मिमी लागते. २४ ते २०० मिमीच्या टप्प्यात युरोपच्या शहरी सहलीतली बहुतेक छायाचित्रे बसतात.

इथे फोनचाही हिशेब करावा. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीची असते आणि बऱ्याच फोनमध्ये त्याहून रुंद दृश्य टिपणारी लेन्सही असते. दिवसाउजेडी रुंद दृश्ये फोन उत्तम काढतो. दूरचे तपशील आणि मंद प्रकाशातली हलती माणसे ही त्याची कमकुवत बाजू. फोन खिशात असणारच, तर वेगळी अतिरुंद लेन्स सोबत नेण्याची गरज क्वचितच पडते. कॅमेऱ्यावर वजन खर्च करायचे ते फोनला न जमणाऱ्या कामांसाठी.

ज्याच्याकडे आधीपासून कॅमेरा आहे त्याला आपली गरज ठरवण्याचा सोपा मार्ग उपलब्ध आहे. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत फोकल लेंग्थची नोंद होते. मागच्या एक-दोन सहलींतली आवडलेली चित्रे काढून ती नोंद पाहिली की कोणती लेन्स खरोखर वापरली गेली आणि कोणती नुसती फिरवून आणली, हे समजते.

मंद प्रकाश आणि छोटी प्राइम

एकाच लेन्समध्ये मोठा टप्पा देणाऱ्या हलक्या झूम लेन्सांचे छिद्र लहान असते. ते झूमच्या लांब टोकाला अनेकदा एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंत येते. काळोख्या गॉथिक चर्चमध्ये एफ/५.६ ला शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर त्याच आयएसओवर एफ/२ ला १/१२५ सेकंद पुरतो. आठपट प्रकाशाचा हा फरक भरून काढायला ठरावीक फोकल लेंग्थची एक छोटी प्राइम लेन्स पुरेशी होते.

बॉडीत किंवा लेन्समध्ये असलेले स्थिरीकरण हाताचा कंप आवरते. जुन्या संकेतानुसार ५० मिमीची लेन्स हातात धरून १/५० सेकंदापेक्षा संथ शटर वापरू नये. चांगल्या स्थिरीकरणाने रुंद लेन्सवर १/४ सेकंदही साधतो. पण समोरचा माणूस चालत असेल तर तो धूसरच येतो, कारण स्थिरीकरणाला त्याची हालचाल थांबवता येत नाही. म्हणून भिंतीवरच्या चित्रांसाठी आणि कमानींसाठी स्थिरीकरण पुरते. संध्याकाळच्या चौकातल्या माणसांसाठी मोठे छिद्रच हवे.

ट्रायपॉड सहसा घरी ठेवावा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ट्रायपॉड, फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाहीत. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये तर छायाचित्रणालाच बंदी आहे. गटासोबत फिरताना ट्रायपॉड उघडून उभे राहायला वेळही मिळत नाही. रात्रीच्या एखाद्या चित्रासाठी कॅमेरा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काम भागते.

काही नेमक्या जोड्या

मायक्रो फोर थर्ड्समध्ये ओएम सिस्टमचा ओएम-५ बॅटरी आणि कार्डासह ४१४ ग्रॅमचा आहे. ऑलिंपसची १४-१५० मिमी लेन्स २८५ ग्रॅम आणि १७ मिमी एफ/१.८ प्राइम १२० ग्रॅम धरली तर एकूण ८१९ ग्रॅम होतात. फुल फ्रेमच्या हिशेबाने २८ ते ३०० मिमीचा टप्पा मिळतो, बॉडीतच स्थिरीकरण असते, आणि बॉडी व झूम दोन्ही पावसाच्या शिंतोड्यांना दाद देत नाहीत.

एपीएस-सीमध्ये सोनी ए६४०० (४०३ ग्रॅम), १८-१३५ मिमी झूम (३२५ ग्रॅम) आणि ३५ मिमी एफ/१.८ (सुमारे १५५ ग्रॅम) मिळून नऊशे ग्रॅमच्या आत येतात. टप्पा २७ ते २०२ मिमीचा. या बॉडीत स्थिरीकरण नाही, मात्र या दोन्ही लेन्समध्ये ते आहे. दुसरी एखादी लेन्स निवडताना एवढे तपासून घ्यावे.

फुल फ्रेमच हवा असेल तर कॅनन आर८ (४६१ ग्रॅम), २४-१०५ मिमी एफ/४-७.१ (३९५ ग्रॅम) आणि २८ मिमी एफ/२.८ (१२० ग्रॅम) यांची बेरीज ९७६ ग्रॅम होते. उंच आयएसओवर चित्र स्वच्छ येते, पण झूम १०५ मिमीलाच थांबते आणि त्या टोकाला छिद्र एफ/७.१ इतके बारीक होते. लेन्स बदलण्याचा खटाटोप नको असणाऱ्यांसाठी सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आहे. ३०२ ग्रॅमचा हा एक इंची कॅमेरा २४ ते २०० मिमीचा टप्पा देतो आणि जाकिटाच्या खिशात मावतो.

केनियातील मसाई मारासारख्या ठिकाणची जंगल सफारी हा २४ ते २०० मिमीच्या हिशेबाला अपवाद. प्राणी गाडीपासून दूर असतात, तिथे ४०० मिमी आणि त्यापुढची लेन्स लागते. सोनीची फुल फ्रेमसाठीची २००-६०० मिमी लेन्स २,११५ ग्रॅमची आहे. मायक्रो फोर थर्ड्सची ७५-३०० मिमी ४२३ ग्रॅममध्ये ६०० मिमीइतकेच दृश्य दाखवते. पहाटेच्या मंद उजेडात मात्र ती मागे पडते. नैरोबीहून सफारीच्या धावपट्ट्यांकडे जाणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या सामानासह सुमारे १५ किलोंची मर्यादा असते आणि मऊ बॅगाच घेतल्या जातात, त्यामुळे तिथेही हलक्या लेन्सचा विचार करावा लागतो.

बॅटरी, कार्ड, चार्जर

हलक्या कॅमेऱ्याची बॅटरीही लहान असते आणि पडदा सतत चालू राहिल्याने ती लवकर संपते. प्रमाणित चाचणीत डी८५० एका चार्जमध्ये १,८४० चित्रे काढतो, तर ए६४०० सुमारे ४१०. दोन जादा बॅटऱ्या घेतल्या तरी फारसे वजन वाढत नाही. कॅमेरा यूएसबीवर चार्ज होत असेल तर वेगळा चार्जर टाळता येतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ एमबीची होते. ६४ जीबीच्या कार्डावर अशी अडीच हजारांच्या आसपास चित्रे बसतात. सगळी सहल एकाच मोठ्या कार्डावर ठेवण्यापेक्षा दोन-तीन कार्डे वापरावीत, म्हणजे एक हरवले तरी बाकीची चित्रे वाचतात.

युरोप आणि भारत यांचा वीजदाब जवळपास सारखाच आहे आणि दोन बारीक गोल पिनांचा प्लग फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमध्ये चालतो. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. चार्जरवर १००-२४० व्होल्ट असे छापलेले असेल तर फक्त अडॅप्टर पुरतो.

विमानतळ आणि थंडी

लिथियमच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी याच्या खूप आत असते आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते. सुट्या बॅटरीची धातूची टोके किल्ल्या किंवा नाण्यांना लागू नयेत म्हणून ती प्लॅस्टिकच्या टोपणात ठेवावी. कॅमेरा आणि लेन्सही हातातल्या बॅगेतच असाव्यात.

महागडा कॅमेरा नेताना परतीच्या वेळी तो परदेशात घेतला का, असा प्रश्न येऊ शकतो. त्यासाठी निघताना भारतीय विमानतळावरच्या कस्टम्स अधिकाऱ्यांकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येते. त्यात वस्तूचा अनुक्रमांक नोंदवला जातो. खरेदीचे बिल जवळ असावे.

स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यातही तिथे कडाक्याची थंडी असते. थंडीत बॅटरीची ताकद तात्पुरती घटते. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. गार झालेला कॅमेरा उबदार उपाहारगृहात नेला की त्यावर दव साचते. आत शिरण्यापूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच बाहेर काढावा.

नवा कॅमेरा निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हातात असावा. त्या काळात मंद प्रकाशात आयएसओ कुठवर चालतो, बॅटरी किती टिकते आणि लेन्स किती झटपट बदलता येते, हे आपल्याच गावात तपासता येते. शेवटी सगळे सामान भरलेली बॅग एक दिवस घेऊन हिंडावे. त्या दिवसात जी लेन्स एकदाही बाहेर निघाली नाही, ती सहलीच्या सामानातून वगळायला हरकत नाही.