थंड पेयांवरच्या करामुळे मधुमेह टळतो का? संगणकावरचा अंदाज कसा वाचावा

सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकला की खेड्यातल्या टपरीवरही कोल्ड्रिंकचा फ्रीज दिसतो. अशा पेयांवर जास्त कर लावून खरंच कुणाचा मधुमेह टळतो का, असं रुग्णांचे नातेवाईक विचारतात.

याचा थेट प्रयोग करणं अवघड. मधुमेह व्हायला वर्षं लागतात, आणि अर्ध्या देशावर कर लावून उरलेल्या अर्ध्याशी तुलना करत दहा वर्षं थांबता येत नाही. म्हणून संशोधक संगणकात नमुन्याची लोकसंख्या उभी करतात. याला सिम्युलेशन म्हणतात. त्यातल्या माणसांचं वय, वजन, शहर की खेडं हे सगळं खऱ्या पाहण्यांमधून घेतात. भाव वाढला की खरेदी किती घटते आणि लोक त्याऐवजी काय घेतात, हे घरखर्चाच्या आकड्यांवरून ठरवतात. मग तीच माणसं वर्षानुवर्षं पुढे नेतात: एकदा कर न लावता, एकदा लावून. दोन्हींतला फरक म्हणजे कराचा परिणाम.

भारतासाठी असा अभ्यास संजय बसू आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात मांडला. गोड पेयांवर 20 टक्के कर लावला तर 2014 ते 2023 या काळात जादा वजन व लठ्ठपणाचं प्रमाण 3 टक्क्यांनी आणि नव्याने होणारा टाइप 2 मधुमेह 1.6 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निघाला. म्हणजे ज्या 1000 जणांना नव्याने मधुमेह झाला असता, त्यांतल्या साधारण 16 जणांचा टळेल. अंदाजाची मर्यादा 12 ते 19 अशी होती.

आकडा लहान वाटेल. पण हे 16 जण दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच वाचतात, आणि तिथपर्यंत माझी कुठलीही चिठ्ठी पोहोचत नाही. तुलनेने सर्वांत जास्त फायदा खेड्यातल्या तरुण पुरुषांना होईल, असंही त्यात दिसलं. मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या कोठारात राहतो म्हणून पोरगा सुरक्षित, असं समजू नका.

प्रत्यक्षात 1 जुलै 2017 पासून जीएसटीत अशा पेयांवर 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर लागला. सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के आहे. पण सिम्युलेशनचा अंदाज भाव वाढेल या गृहीतावर उभा असतो. बाटली लहान करून भाव तोच ठेवला, तर गणित बदलतं.

आणि हा आकडा तुमचा एकट्याचा नाही. ‘माझा धोका 1.6 टक्क्यांनी घटला’ असा त्याचा अर्थ होत नाही. तुमचा धोका आईवडिलांचा मधुमेह, कंबरेचा घेर (पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर) आणि रक्ततपासणी यांवरून कळतो. वय 30 च्या पुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी मोफत तपासतात. उपाशीपोटी शुगर 100 ते 125 आली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, डॉक्टरांना भेटा.

300 मिलीच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. त्याऐवजी ताक किंवा साधं पाणी घ्या. पॅकबंद ज्यूस हा पर्याय नव्हे.

मधुमेही घरांसाठी एक अपवाद. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर 70 च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली आणि तो शुद्धीवर असेल, तर अर्धा पेला साधं (डाएट नव्हे) कोल्ड्रिंक लगेच द्या आणि 15 मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.