ट्रॉलीची पिन, पाटा आणि घरची भट्टी



या पानावर तुम्ही माझ्याकडून बेणे, लागण, खोडवा नाहीतर हुमणी एवढेच वाचत आला आहात. या वेळी विषय लोखंडाचा आहे. हंगाम तोंडावर आला की शिवारात फिरताना बऱ्याच वस्त्यांवर मला एकच देखावा दिसतो. झाडाखाली ट्रॉली उभी, शेजारी पंख्याची भट्टी पेटलेली, आणि वाकलेला हुक किंवा बसलेला पाटा लालबुंद करून घणाने सरळ करण्याचे काम चाललेले. पैसे वाचतात, दिवस वाचतो. डिप्लोमाला असताना मीही ऐरणीवर हात भाजून घेतला आहे, तेव्हा या कामाला नावे ठेवायची नाहीत. पण कोणत्या लोखंडाला जाळ दाखवावा आणि कोणत्याला नाही, यात आपली मोठी गल्लत होते. ती आमच्याच घरी झाली, म्हणून लिहितो.

२००९ सालची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाच्या ट्रॉलीची जोडपिन वाकली होती. पिन कसली, जुन्या शाफ्टचा तोडलेला तुकडाच. दादाने ती भट्टीत घातली, लाल-नारिंगी झाल्यावर ठोकून सरळ केली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. मी विचारले, "पाण्यात कशाला?" तर म्हणाला, "अरे, पाणी दिल्याशिवाय लोखंड कडक कसं होईल?" मला ते पटले. तिसऱ्या दिवशी दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कालव्याच्या पुलाचा चढ चढताना पिन तुटली. ट्रॉल्या मागे घरंगळल्या, मागची आडवी होऊन उलटली. मोळ्यांवर बसलेल्या तोडणी कामगाराचा पाय मांडीत मोडला. उपचाराचा खर्च दादाने केला, पण त्या हंगामात त्या गड्याच्या हाती पुन्हा कोयता आला नाही, आणि उचल अंगावर तशीच राहिली.

तुटलेली पिन मी नंतर हातात घेऊन पाहिली. ती जराही वाकली नव्हती. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार आणि चकचकीत होती. चांगले लोखंड तुटण्याआधी वाकते, ताणले जाते, आपल्याला इशारा देते. या पिनेने इशारा दिलाच नाही.

आता कारण पाहू. आपण ज्याला सरसकट लोखंड म्हणतो ते पोलाद असते, आणि त्याचा स्वभाव त्यात कार्बन किती यावर ठरतो. फाळक्याच्या कड्या, पट्ट्या, अँगल यांच्या साध्या नरम पोलादात तो शंभरात पाव भागाच्या आतबाहेर असतो. शाफ्ट आणि ॲक्सलच्या पोलादात साधारण ०.४, पाट्यात ०.५ ते ०.६. कार्बन पुरेसा असलेले पोलाद लाल-नारिंगी करून एकदम पाण्यात घातले की आतली रचना काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ होते. लोहार कोयत्याला पाणी देतो ते धारेसाठी, आणि नंतर बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतो. त्याला 'उतार देणे' म्हणा. शिवाय कोयत्याला ऊस तोडायचा असतो, वीस टन ओढायचे नसतात. दहा फुटाला एक फूट चढ असेल तर वीस टनांची गाडी नुसती थोपवून धरायला पिनेवर दोन टनांचा ताण येतो. खड्ड्यातला हिसका वेगळाच. तिथे थोडे वाकणारे पण न तुटणारे पोलाद हवे.

उलटी चूकही तितकीच होते. पाटा कारखान्यात तेलात विझवून सुमारे ४५० ते ५०० अंशांचा उतार देऊन बनवलेला असतो. त्याची लवचीकता त्या मापात आहे. आपण तो भट्टीत लाल केला आणि हवेत थंड होऊ दिला तर ते माप गेले. वाक दिलेला दिसतो छान, पण दोन-चार खेपांत पुन्हा बसतो. पाण्यात घातला तर एक दिवस मोडतो, आणि पाटा मोडला की ॲक्सल जागचा सरकतो. बोल्टचेही तसेच. डोक्यावर ८.८ असे कोरलेला बोल्ट म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ताण सोसणारा. लाल केल्यावर आकडा तोच राहतो, ताकद राहत नाही.

म्हणून पाटे, ॲक्सल, जोडपिन, आकडे कोरलेले बोल्ट आणि स्टिअरिंगचा कोणताही भाग, म्हणजे टाय रॉड, ड्रॅग लिंक, स्पिंडल, घरी तापवू नका. वाकले तर बदला. जुना ॲक्सल "फक्त जरासाच" वाकला आहे असे सांगणारे मला नेहमी भेटतात. त्यांनी तो निदान प्रेसवाल्याकडे थंडच सरळ करून घ्यावा आणि नंतर चीर तपासावी. तपासणी सोपी आहे. भाग घासून स्वच्छ करा, रॉकेल नाहीतर डिझेल लावून अर्धा तास ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडू चोळा. चीर असेल तर आत मुरलेले तेल खडूवर काळसर रेघ उमटवते. नव्या पिनेलाही हंगामात महिन्यातून एकदा हे करावे, आणि पिनेबरोबर साखळी जोडावीच.

मग घरी काय करता येईल? कड्या, फाळक्याची बिजागरे, मडगार्डच्या पट्ट्या, अवजारांचे कंस, हे सगळे नरम पोलाद खुशाल तापवा. ओळखायचे कसे? ग्राइंडरवर धरा. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, फाटे थोडे. कार्बन जास्त असेल तर फुलबाजीसारखी झुडपे फुटतात. शंका आली तर तो तुकडा बाजूला ठेवा.

ताव पाहायचा तो सावलीत. उन्हात मंद लाल रंग दिसतच नाही, आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो. नारिंगी, म्हणजे ९०० ते १००० अंशांच्या आसपास, वाकवायला उत्तम. चुंबक चिकटायचे साधारण ७७० अंशांना थांबते, तीही एक खूण. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर तो भाग जळाला, कापून टाका. रंग मंद लालच्या खाली उतरला की ठोकणे बंद करून पुन्हा तापवा. निळसर झालेल्या, म्हणजे ३०० अंशांच्या आसपासच्या तावावर वाकवू नका, तिथे पोलाद कुरबूर करते आणि चिरते. कोपरा अगदी काटकोनात दुमडू नये. आतली गोलाई निदान जाडीइतकी ठेवा. आणि थंड व्हायला राखेत किंवा हवेत सोडा. बादली त्या दिवशी दूर ठेवलेली बरी.

कडी करताना लांबी कमी पडते अशी तक्रार असते. माप गजाच्या मधल्या रेषेवर धरा. १२ मिलिमीटरच्या गजाची आतून ६० मिलिमीटरची कडी हवी तर ६० अधिक १२ गुणिले ३.१४, म्हणजे २२६ मिलिमीटर. जुन्या लोहाराला हे तोंडपाठ असे. लाकडी चाकाला धाव चढवताना चार फुटी धाव तापवली की घेरात वीत-दोन वीत नव्हे, जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर वाढते, आणि तेवढ्या अंदाजावर तो चाक आवळायचा.

आणखी दोन गोष्टी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नका. त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आणि रिम तापवायची असेल, नुसता अडकलेला नट सोडवायला का असेना, तर टायर आधी पूर्ण उतरवा. हवा सोडली म्हणजे झाले असे समजू नका. आत तापलेल्या रबराचा वायू साठून टायर फुटतो, आणि त्याच्या समोर बसलेला माणूस वाचत नाही.

— ऊस विकास अधिकारी