करार शेजाऱ्याशी, आणि लांबच्याशीही

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात शिरलं. वीज गेली, पाठोपाठ जनरेटरही बंद पडले. सुमारे 300 रुग्ण हलवायचे आणि लिफ्ट बंद! अतिदक्षता विभागातली 20 नवजात बाळं परिचारिकांनी नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणली. ज्यांना व्हेंटिलेटर लागत होता, त्यांना वाटभर हाताने फुगा दाबून श्वास दिला. शहरातल्या इतर रुग्णालयांनी या रुग्णांना दाखल करून घेतलं.

अशा रात्री ‘आमचे पेशंट घ्याल का?’ असं विचारत फोन फिरवायची वेळ येऊ नये, यासाठी रुग्णालयं आधीच परस्पर मदतीचा करार करतात. मदत कोणी मागायची, रुग्णाची जबाबदारी कोणत्या क्षणी पुढच्या डॉक्टरकडे जाते, खर्च कोणाचा, उसने दिलेले व्हेंटिलेटर परत कधी, पाहुण्या डॉक्टरांची नोंदणी कशी तपासायची, हे सगळं त्यात असतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते साधं कलम: रुग्णासोबत औषधांचा कागद गेलाच पाहिजे. कारण तेव्हा संगणकही बंद असू शकतो.

मात्र करार फक्त शेजाऱ्याशी करून भागत नाही. लँगोनजवळचं बेलव्ह्यू रुग्णालयही त्याच पुरात सापडलं आणि दोन-तीन दिवसांत रिकामं करावं लागलं. म्हणून एक भागीदार पूररेषेबाहेरचा हवाच. 2016 च्या अमेरिकी केंद्रीय नियमाने, सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना इतर रुग्णालयांशी रुग्ण हलवण्याची आगाऊ व्यवस्था बंधनकारक केली.