खागान ते खान : एका राजपदवीची घसरण

मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात भटक्या टोळ्यांची साम्राज्ये उभी राहत होती, त्या काळी त्यांच्या सर्वोच्च शासकाला ‘खागान’ म्हणत. अरबी-फारसी ग्रंथांत हाच शब्द ‘खाकान’ असा येतो आणि त्याचा अर्थ सम्राट असा घेतला जातो. ही पदवी तुर्कांची म्हणून प्रसिद्ध असली, तरी ती त्यांच्यात जन्मलेली नाही. मंगोलियातील रौरान टोळ्यांचा प्रमुख शेलुन याने इ.स. 402 मध्ये ती धारण केल्याची नोंद चिनी साधनांत आहे, आणि त्याआधीही श्यानबेई लोकांत ती रूढ असावी, असे अभ्यासक मानतात. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मात्र एकमत नाही.

तुर्कांनी ही पदवी अक्षरशः जिंकून घेतली. आशिना कुळाचा नायक बुमिन हा रौरानांचा मांडलिक होता. त्याने रौरान राजकन्येला मागणी घातली, तेव्हा रौरान खागान अनागुई याने ‘लोहारकाम करणारा गुलाम’ अशा शब्दांत त्याची हेटाळणी केली. इ.स. 552 मध्ये बुमिनने रौरानांचा पराभव करून स्वतःला ‘इल्लिग खागान’ म्हणवून घेतले. यातील ‘इल’ म्हणजे संघटित राज्य.

खागानाची सत्ता आकाशदेव तेंग्री याच्याकडून येते आणि ‘कुत’, म्हणजे दैवी भाग्य, असेपर्यंतच टिकते, अशी तुर्कांची धारणा होती. मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यात उभ्या असलेल्या इ.स. 732 आणि 735 च्या शिलालेखांवरून (त्यांची लिपी डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसन याने 1893 मध्ये उलगडली) असे दिसते की, उपाशी प्रजेला अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणे हे खागानाचे कर्तव्य समजले जाई. राज्यारोहणाचा विधीही या धारणेला साजेसा होता. चिनी इतिहासग्रंथांतील वर्णनानुसार नव्या खागानाला नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड आसनावर, बसवून सूर्याच्या दिशेने नऊ वेळा फिरवत, मग घोड्यावर बसवत आणि त्यानंतर रेशमी वस्त्राने गळा आवळून तो गुदमरू लागताच फास सैल करून किती वर्षे राज्य करणार, असे विचारत. त्या अर्धवट शुद्धीत तोंडून निघालेल्या आकड्यावरून त्याच्या कारकिर्दीचा अंदाज बांधला जाई. सत्ता दिली जाते तशी काढूनही घेतली जाते, हे शासकाला जाणवून देण्याचा याहून परखड मार्ग क्वचितच आढळेल.

या पदवीचा दबदबा एवढा होता की, पूर्वेकडील तुर्कांचा पाडाव झाल्यावर इ.स. 630 मध्ये चीनच्या तांग सम्राट ताइझोंगला ‘स्वर्गीय खागान’ म्हणून गौरवण्यात आले. ‘खान’ हा खागानचाच संक्षेप की वेगळा शब्द, याविषयी मतभेद आहेत. पण मंगोलांच्या काळी दोहोंतला फरक स्पष्ट झाला. तेमुजिन 1206 मध्ये चंगीझ खान झाला, तर 1229 मध्ये गादीवर आलेल्या त्याच्या ओगदेई या मुलाने ‘खाआन’ हे खागानचेच मंगोल रूप स्वीकारले.

भारतात मात्र या शब्दाचे मोल झपाट्याने उतरले. दिल्लीच्या सुलतानांनी खान ही सरदारांची श्रेणी केली आणि इतिहासकार बरनीने दिलेल्या उतरंडीत दहा मलिकांवर एक खान येतो. म्हणजे जी पदवी एकेकाळी राजा स्वतः मिरवत असे, तीच आता राजा चाकरांना बक्षीस देऊ लागला. मोगलांनी तर ती शेकडो मनसबदारांना वाटली. मराठी इतिहासात लाल महालाच्या प्रसंगामुळे परिचित असलेला शायिस्ताखान हे नावही असाच दरबारी किताब असून त्या सरदाराचे मूळ नाव मिर्झा अबू तालिब असे होते.