नाम पुसण्याचे प्रयोजन : पायथन भाषेतील ‘डेल’ ही आज्ञा

तुलनात्मक साहित्याभ्यासात संगणकीय संहितासंग्रहांचा वापर वाढत गेला, तसा अभ्यासकांचा पायथनसारख्या आज्ञावली-भाषांशी प्रत्यक्ष संबंध येऊ लागला. या भाषेत निरुपयोगी झालेल्या वस्तू स्मृतीतून आपोआप काढून टाकल्या जातात. या प्रक्रियेस ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात. जी भाषा आपला केर आपणच काढते, तिच्यात चल पुसण्यासाठी ‘डेल’ ही स्वतंत्र आज्ञा कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

स्मृती आपोआप मोकळी करण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेबरोबर पुढे आली. तिचे विवेचन त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणनेची पद्धत मांडली : प्रत्येक वस्तूकडे किती ठिकाणांहून निर्देश होतो हे मोजावे आणि ती संख्या शून्यावर आली की जागा मोकळी करावी. १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथनचे ‘सीपायथन’ हे प्रचलित रूप मुख्यतः याच पद्धतीवर चालते. परस्परांकडे निर्देश करणाऱ्या वस्तूंची गणना मात्र शून्यावर येत नाही. म्हणून २००० मधील २.० या आवृत्तीपासून अशी चक्रे शोधणारी वेगळी यंत्रणा तिला जोडण्यात आली.

येथे नाम आणि नामी यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘डेल’ने पुसले जाते ते नाम, नामी नव्हे. ग्रंथालयातील एका ग्रंथाची लेखकानुसार आणि विषयानुसार अशी दोन सूचीपत्रे असतील, तर त्यांतील एक काढल्याने ग्रंथ कपाटातून जात नाही. तद्वत एक नाम पुसल्याने वस्तूची संदर्भसंख्या एकाने घटते, इतकेच. अखेरचा निर्देश नाहीसा झाल्यावरच वस्तू जाते.

या आज्ञेचे पहिले प्रयोजन काटकसरीचे आहे. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून सीपायथनमध्ये देवनागरी संहितेच्या प्रत्येक वर्णचिन्हास सामान्यतः दोन बाईट लागतात. दहा कोटी चिन्हांच्या संग्रहास सुमारे वीस कोटी बाईट. त्यातून शब्दसूची आणि शब्दांची वारंवारिता काढल्यावर मूळ संहितेची गरज उरत नाही. परंतु तिचे नाम शिल्लक असेतो यंत्रणा तिला निरुपयोगी मानू शकत नाही. फलनातील स्थानिक नामे फलन संपताच जातात, म्हणून तेथे ‘डेल’ बहुधा अनावश्यक ठरते. संवादी सत्रातील नामे मात्र सत्र संपेपर्यंत टिकतात.

दुसरे प्रयोजन संशोधनाच्या विश्वासार्हतेशी निगडित असल्याने अधिक मोलाचे आहे. एका कादंबरीची शब्दसूची ज्या नामाखाली ठेवली, ते नाम दुसऱ्या कादंबरीच्या गणनेत चुकून राहून गेले, तर यंत्र तक्रार करीत नाही. ते सुबक दिसणारे, पण चुकीचे उत्तर देते आणि दोन लेखकांच्या शैलीविषयीचा निष्कर्ष त्यावर उभा राहतो. नाम वेळीच पुसलेले असेल, तर त्याच ठिकाणी त्रुटी जाहीर होऊन काम थांबते. मूक प्रमादापेक्षा उघड अडथळा केव्हाही श्रेयस्कर.

तिसरे प्रयोजन चक्रे टाळण्याचे. पकडलेला अपवाद नामाने धरून ठेवला, तर त्याच्यासोबतच्या त्रुटीच्या मागोव्यातून फलनाची चौकट आणि त्या चौकटीतून पुन्हा तोच अपवाद, असे चक्र तयार होते. म्हणून २००८ मधील ३.० या आवृत्तीपासून, अपवाद हाताळणारा भाग संपताच ते नाम भाषा स्वतःच पुसते.

या आज्ञेची मर्यादाही स्पष्ट आहे. ‘पायपाय’ हे पायथनचे दुसरे रूप संदर्भगणनेवर चालत नाही, त्यामुळे तेथे नाम पुसताच वस्तू जाईल असे नाही. म्हणून उघडलेली फाईल बंद करण्यासारखी कामे ‘डेल’वर सोपवू नयेत. कोणत्या वस्तूकडे निर्देश उरलेला नाही हे यंत्रास कळते. कोणत्या निर्देशाचे प्रयोजन संपले, हे केवळ अभ्यासकास ठाऊक असते. ते यंत्रास सांगणे, हेच ‘डेल’चे कार्य होय.