साउथ डकोटा: कुरणांमधून कॅसिनोंच्या गावाकडे 🚗

एकट्याने गाडी चालवायची हौस आहे? मग अमेरिकेतला आय-९० महामार्ग यादीत हवाच! सू फॉल्स ते रॅपिड सिटी, सुमारे ५६० किमी. सरळसोट रस्ता, दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर शेतं. चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की गवताळ कुरणं सुरू होतात. पुढे घड्याळ एक तास मागे घ्यायचं. 'वॉल ड्रग' या दुकानात थांबून फुकट मिळणारं बर्फाचं पाणी प्यायचंच.

🎰 आता कॅसिनोंबद्दल. १९८८ च्या संघीय कायद्याने आदिवासी भूमीवरच्या कॅसिनोंची चौकट ठरली. पाइन रिज या आदिवासी राखीव क्षेत्रातला 'प्रेअरी विंड' कॅसिनो ओग्लाला लाकोटा जमातीचा आहे.

कॅसिनोंचं गाव म्हणजे डेडवुड. तिथे जुगार १९८९ मध्ये कायदेशीर झाला. त्यातल्या महसुलातून जुन्या इमारतींची डागडुजी होते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. इथेच १८७६ मध्ये पोकर खेळताना प्रसिद्ध बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकला गोळी घातली गेली. त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या होत्या, असं सांगतात.

✅ डेडवुडमध्ये खेळायला वय किमान २१ हवं.
✅ टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा.
✅ खेळायचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. ते संपले की उठा.
✅ रात्री हरणं रस्त्यावर येतात, म्हणून उजेडातच मुक्काम गाठा.